गव्हाचा हार्वेस्टर मक्याच्या रानात लावताना

गव्हाचा दाणा ओंबीतून झोडून काढतात. मक्याचा दाणा बुरकुंडावरून, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्यावरून, सोलून काढायचा असतो. कंबाईन हार्वेस्टर मक्याला लावताना करायचे बहुतेक बदल या एका फरकातून निघतात. खानदेश, मराठवाडा, नाशिक भागात भाड्यानं येणारे बरेच हार्वेस्टर पंजाब-हरियाणाकडचे असतात आणि गहू, सोयाबीन काढत काढत मक्यापर्यंत पोचलेले असतात. पुढचं हेडर, म्हणजे पीक आत घेणारा भाग, बदललं की मशीन मक्याचं झालं, असं धरून ऑपरेटर रानात शिरतो. आत दाणा काढणारा ड्रम मात्र गव्हाच्याच वेगावर आणि त्याखालच्या जाळीची फट मागच्या पिकाची. मग टाकीत तुकडा, म्हणजे फुटका दाणा, येतो, मागून दाणा सांडतो, आणि दोष वाणाला नाहीतर ओलाव्याला दिला जातो.

सेटिंग करताना कणीस ज्या वाटेनं मशीनमधून जातं त्याच वाटेनं जायचं. आधी हेडर, मग ड्रम आणि त्याखालची जाळी, मग पंखा, शेवटी चाळण्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पन्नास मीटर चालवायचं, उतरून बघायचं. दोन बदल एकदम केले तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

ओलावा किती असावा

कणसाच्या मधल्या भागातला एक दाणा काढा आणि त्याचं बुडखं, म्हणजे बुरकुंडाला चिकटलेलं टोक, नखानं खरवडा. खाली काळा थर दिसला तर दाणा भरून पूर्ण झाला आहे. पण त्या दिवशी त्यात ३० ते ३५ टक्के ओलावा असतो, म्हणून लगेच मशीन बोलवायचं नसतं. ऊन आणि उघडीप असेल तर रोज अर्धा ते एक टक्का ओलावा उतरत जातो.

हार्वेस्टरला सगळ्यात सोयीचा पट्टा २० ते २५ टक्क्यांचा. २५ च्या वर दाणा मऊ असतो, बुरकुंडाला घट्ट धरून राहतो आणि ड्रममध्ये चिरडतो. १७-१८ च्या खाली कणसं नुसत्या धक्क्यानं ताटावरून गळतात आणि हेडरवरच दाणे सुटू लागतात. आपल्याकडे ड्रायर फार थोड्यांकडे आहे. २४ टक्क्यांचा मका खळ्यावर ढीग करून ठेवला तर दोन दिवसांत आतून गरम होतो आणि बुरशी धरतो. म्हणून वाळवायला पुरेशी जागा नसेल तर १८ ते २० टक्क्यांपर्यंत थांबलेलं बरं. खोडकुजीनं ताटं लोळायला लागली असतील तर मात्र थांबू नये. जमिनीवर पडलेलं कणीस कुठल्याच सेटिंगनं टाकीत येत नाही.

ओलाव्याचा हिशोबही डोक्यात ठेवा. २२ टक्क्यांचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आला की साधारण ९१ किलो भरतो. हमीभावाच्या खरेदीला १४ टक्क्यांचीच अट असते. उरलेले ९ किलो हे पाणीच होतं, ते सांडीत धरायचं नाही.

हेडर: निम्म्याहून जास्त नुकसान इथेच

हेडर कितीही भारी असलं तरी आधी ओळींमधलं अंतर मोजा. आपल्याकडे मका ६० सेंटिमीटरवर असतो, उशिरा येणारे वाण ७५ वर. हेडर ७५ चं आणि ओळी ६० च्या असल्या तर कडेची ताटं आडवी ओढली जातात, वाकतात, आणि कणीस साखळीत जायच्या आत बाहेर उडतं. शिवाय पेरणी चार ओळींच्या यंत्रानं झाली असेल तर हेडरनंही त्याच चार ओळी धराव्यात. दोन फेऱ्यांच्या सांध्यावर अंतर कधीच नेमकं नसतं. तो सांधा हेडरच्या मधोमध आला की एक ओळ हमखास चिरडते.

मका हेडरमध्ये ताट कापून आत घेत नाहीत. खाली उलटसुलट फिरणारे दोन रोलर ताट खाली ओढतात. वर दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना डेक प्लेट म्हणतात. ताट पट्ट्यांमधल्या फटीतून खाली निघून जातं, कणीस जाड असल्यामुळे वर अडकतं आणि तुटतं. साखळ्या ते मागे ढकलतात. म्हणजे डेक प्लेटची फट कणसाच्या बुडापेक्षा अरुंद आणि ताटापेक्षा रुंद हवी. सुरुवातीला पुढे ३२ मिलिमीटर आणि मागे ३५ ठेवा. मागची बाजू ३ मिलिमीटर जास्त असते ती ताट फटीत पाचरीसारखं अडकू नये म्हणून. पण हे आकडे जाड कणसांच्या वाणाचे आहेत. त्या रानातली दहा कणसं आणि दहा ताटं तोडून फटीत घालून बघा. पाणी कमी पडलेल्या रानात कणसं बारीक असतात, तिथे फट कमी करावी लागते.

फट चुकल्याची खूण जमिनीवर दिसते. हेडर गेल्यावर ओळीच्या रेषेतच सुटे दाणे पडलेले असतील तर फट रुंद आहे. कणसाचं बूड खाली रोलरला लागतं आणि तिथले दाणे सोलले जातात. उलट टाकीत आणि चाळणीवर पानं, ताटांचे तुकडे फार येत असतील तर फट अरुंद आहे, ताट वरच मोडून आत जातंय.

यानंतर वेग. साखळीचा आणि मशीनच्या चालीचा मेळ बसला की ताट सरळ उभं राहून आत येतं. केबिनमधून नुसतं बघितलं तरी कळतं. ताटं पुढे ढकलली जात असतील तर मशीन साखळीपेक्षा जोरात आहे. ताटं मशीनकडे हिसकली जाऊन मुळासकट येत असतील तर साखळी जोरात आहे. रोलरचा वेग बघायचा तो कणीस कुठे तुटतं त्यावरून. रोलरच्या लांबीच्या साधारण मध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत तुटलं तर ठीक. अगदी तोंडाशीच तुटत असेल तर रोलर फार जोरात आहेत, कणीस पट्टीवर आपटून उडतं. पार शेवटाला तुटत असेल तर रोलर हळू आहेत किंवा त्यांच्या कडा झिजल्या आहेत. उभ्या, चांगल्या पिकात ताशी ४ ते ५ किलोमीटरची चाल पुरते. लोळलेल्या पिकात ३. लोळ एका दिशेला असेल तर समोरून, म्हणजे ताटांची टोकं मशीनकडे येतील अशा बाजूनं शिरा.

हेडरची उंची सगळ्यात खालच्या कणसाच्या हिशोबानं धरा, त्यापेक्षा खाली जायचं कारण नाही. उगाच खाली नेलं की माती, दगड आणि ताटाचा सगळ्यात जाड भाग आत येतो. लोळलेल्या ओळीत मात्र हेडरची टोकं जमिनीला जवळजवळ टेकवावी लागतात.

हेडरमागच्या फीडरकडे, म्हणजे कणसं ड्रमकडे नेणाऱ्या भागाकडे, कोणी बघत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला साखळीचा जो रूळ असतो त्याला बहुतेक मशीनमध्ये दोन जागा असतात, खालची गहू-भातासाठी आणि वरची मक्यासाठी. तो वर घ्यायचा राहिला तर साखळीच्या पट्ट्या कणसं दाबून तिथेच दाणे फोडतात, आणि ऑपरेटर दिवसभर ड्रमशी झटत बसतो.

ड्रम आणि जाळी

बरंच काही इथे ठरतं, म्हणून थोडं निवांत बघू.

आपल्याकडच्या बऱ्याच मशीनच्या ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. गव्हाला तो मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आगेमागे चालतो, म्हणजे त्याचा काठ सेकंदाला २८ मीटर वेगानं पळतो. मक्याला १२ ते १८ मीटर पुरतात, म्हणजे ४०० ते ५५० फेरे. आघाताचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यामुळे ५०० ऐवजी ९०० वर मका घातला तर दाण्यावरचा मार दुप्पट नव्हे, तिपटीहून जास्त होतो. सुरुवात ४५० वर करा. ड्रमऐवजी लांब रोटर असलेल्या मशीनचे आकडे वेगळे असतात, तिथे त्या मशीनच्या पुस्तकातला मक्याचा तक्ता धरायचा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ड्रमचा वेग कमी करायला पुली बदलावी लागते, व्हेरिएटर (वेग कमी-जास्त करणारी पुली) फिरवावा लागतो किंवा गिअर बदलावा लागतो. हे काम टाळायला ऑपरेटर थ्रॉटल खाली घेतो. ड्रम हळू होतो हे खरं, पण त्याच इंजिनावर पंखा, चाळण्या, दाणा वर टाकीत नेणारा एलेव्हेटर सगळं चालतं. ते सगळंच मंदावतं. चाळणीवर माल साचतो, पंखा भुसा उडवत नाही, चांगला दाणा भुशाबरोबर मागून बाहेर पडतो. इंजिन नेहमी पूर्ण वेगावरच चालवायचं. भाड्यानं मशीन घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: मक्याची पुली सोबत आणली आहे का?

ड्रमच्या खालची कमानदार जाळी म्हणजे कॉन्केव्ह. ड्रम आणि जाळी यांच्यामधली फट पुढे जास्त आणि मागे कमी असते. मक्याला पुढे ३० आणि मागे १८ ते २० मिलिमीटर असं धरून सुरू करा. पुढच्या तोंडातून अख्खं कणीस गोल फिरत आत गेलं पाहिजे, मागच्या तोंडातून सोललेलं बुरकुंड जेमतेम निघालं पाहिजे. म्हणून चार कणसं हातानं सोलून बुरकुंडाची जाडी मोजा आणि मागची फट त्याहून किंचित कमी ठेवा. दोन्ही बाजूंची फट मोजायची, डावीकडची आणि उजवीकडचीही. जाळी तिरकी बसलेली असेल तर एका बाजूला दाणा फुटतो आणि दुसऱ्या बाजूला कणीस तसंच जातं. मग फट कमी करा की वाढवा, काहीच जमत नाही.

जाळीच्या तारा गव्हासाठी जवळजवळ असतात. मक्याचा दाणा त्यांतून लवकर पडत नाही, आतच फिरत राहून फुटतो. मक्याची मोठ्या भोकांची जाळी मिळत असेल तर तीच बसवा, नसेल तर एकाआड एक तार काढतात. ड्रमच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा झाकणाऱ्या पत्र्याच्या प्लेटाही मक्याला लावाव्या लागतात. नाही तर कणसं ड्रमच्या पोटात शिरतात आणि ड्रमचा तोल जातो.

सेटिंग बरोबर आहे का ते मागून पडणारी बुरकुंडं सांगतात. मशीनमागे उभं राहून वीसेक गोळा करा. अख्खी किंवा आडवी दोन तुकडे झालेली आणि एकही दाणा न राहिलेली, हे उत्तम. उभी चिरून चार-चार फाका झालेल्या किंवा पार भुगा झालेला असेल तर फट कमी आहे किंवा वेग जास्त. एका टोकाला दाण्यांची ओळ शिल्लक असेल तर फट थोडी कमी करा, एका वेळी ३ मिलिमीटर. तरीही राहतच असेल तर मग वेग २०-३० फेऱ्यांनी वाढवा. हा क्रम पाळायचा. दाणा चिकटून राहत असेल तर आधी फट, दाणा फुटत असेल तर आधी वेग. आणि ओलावा २५ च्या वर असताना दाणा सुटत नसेल तर फट आवळत बसू नका. तो दोष मशीनचा नाही, चार दिवसांनी या.

टाकीतून मूठभर दाणे घेऊन पत्र्यावर पसरा आणि १०० मोजा. तुटलेले, चिरलेले, साल निघालेले वेगळे काढा. चीर बारीक असली तर उघड्या डोळ्यांना दिसत नाही. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाण्यात टाकून त्यात दाणे मिनिटभर बुडवले की साल जिथे फाटली आहे तिथलं पीठ निळं-काळं होतं. सेटिंग बदलायच्या आधी आणि नंतर हे करून बघितलं की वाद उरत नाही. चिरलेल्या दाण्यातून बुरशी सहज आत शिरते आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती तिथूनच सुरू होते. कोंबडीखाद्यासाठी माल घेणारे तुकडा बघून भाव पाडतात ते उगाच नाही.

तुकडा दरवेळी ड्रममध्येच होतो असंही नाही. जाळीखालून हाती लागलेला दाणा अख्खा आणि टाकीतला फुटलेला असेल तर दोष पुढे आहे, वाकलेल्या ऑगरमध्ये (दाणा पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा) किंवा ढिल्या एलेव्हेटर साखळीत. आणखी एक चोर म्हणजे रिटर्न, चाळणीवर उरलेला माल परत ड्रमकडे नेणारी वाट. खालची चाळणी फार मिटलेली असली की चांगला दाणाही परत ड्रमकडे जातो आणि दुसऱ्यांदा मार खातो. रिटर्नचं झाकण उघडून बघा. तिथे मूठभर माल असावा आणि त्यात सुटे दाणे थोडेच.

मशीन अर्धपोटी चालवलं तरी तुकडा वाढतो. ड्रममध्ये माल भरपूर असला की दाण्यावर दाणा घासून सोलला जातो, रिकामा असला की प्रत्येक दाण्याला लोखंडाचा मार बसतो. त्यामुळे ‘हळू चालवा म्हणजे दाणा फुटणार नाही’ हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो.

पंखा आणि चाळण्या

हजार दाण्यांचं वजन गव्हात ४० ग्रॅमच्या आसपास, मक्यात ३०० च्या. इतका जड दाणा वाऱ्यानं सहजी उडत नाही. तरी दाणा उडेल या भीतीनं पंखा कमी ठेवतात आणि मग चाळणीवर बुरकुंडाचे तुकडे आणि पानांचा थर बसतो. दाणा त्या थरावरून घसरत मागे जातो. पंखा गव्हापेक्षा जास्तच ठेवून सुरू करा. मागून सुटे दाणे उडताना दिसले तरच कमी करा. वरची चाळणी १६ ते १८ मिलिमीटर, खालची ११ ते १२. टाकीत बुरकुंडाचे तुकडे येत असतील तर चाळणीला हात लावायच्या आधी ड्रमकडे बघा, तुकडे मुळात तिथे होत असतात. तांबूस हलका कोंडा थोडा आला तर येऊ द्या, तो उन्हात वारवला की निघून जातो.

सांड मोजायची कशी

दोरीचा किंवा बांबूचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा. मशीन पूर्ण भारावर चालत असताना थांबवा, स्वतःच्या लांबीइतकं मागे घ्या, इंजिन बंद करून किल्ली काढा. आता तीन जागा मिळतात. समोरच्या न काढलेल्या पिकात जे पडलंय ते आधीच गळलेलं. हेडर गेलेल्या पण मशीनचा भुसा न पडलेल्या पट्ट्यात जे आहे त्यातून आधीचं वजा केलं की हेडरची सांड. भुसा पडलेल्या जागेत त्याहून जे जास्त ते ड्रम आणि चाळणीचं. भुसा रुंदभर पसरत नसेल, २.४ मीटर रुंदीचा माल १.२ मीटरच्या पट्ट्यात पडत असेल, तर या शेवटच्या आकड्याचं निम्मंच धरायचं.

चौकोनात सरासरी २० दाणे म्हणजे ६ ग्रॅम. एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी २४ किलो गेले. २०२५-२६ च्या २,४०० रुपये क्विंटल हमीभावानं पावणेसहाशे रुपये. पडलेली कणसं गुंठ्यावर मोजा. साठच्या चार ओळी २.४ मीटर होतात, त्यावर ४२ मीटर चाललं की एक गुंठा. एका कणसात १५० ग्रॅम दाणा धरला तर गुंठ्यात चार कणसं म्हणजे पुन्हा तेच २४ किलो. जमिनीवर सांडलेले दाणे डोळ्यात भरतात आणि पानांखाली दडलेली चार कणसं कोणाला दिसत नाहीत, म्हणून पाचोळा पायानं उलथून बघायचा.

सांडीत सुटे दाणे असले तर चाळणी-पंख्याकडे, बुरकुंडाला चिकटलेले असले तर ड्रमकडे, अख्खी कणसं असली तर हेडरकडे जायचं. उभ्या पिकात मशीनची एकूण सांड दोन-तीन टक्क्यांत बसवता येते. एकरी २५ क्विंटलच्या पिकात तीन टक्के म्हणजे ७५ किलो.

चोंदलेलं हेडर

ताट अडकलं की इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात. चालू रोलरमधलं ताट ओढून काढायला गेलेल्या माणसाला ते सोडायला वेळ मिळत नाही, ताटाबरोबर हात आत जातो. ड्रायव्हरच्या खुर्चीवर कोणी बसलेलं असेल तर किल्ली तिथे ठेवायचीच नाही. वाळलेली पानं इंजिनाच्या सायलेन्सरजवळ साचतात, तीही दर दोन-तीन तासांनी झाडून काढायची.

कडब्याचं आधीच ठरवा. मका हेडरमधून गेलेलं ताट चेचलेलं, फाटलेलं असतं, पेंढ्या बांधता येत नाहीत. बेलर मिळत असेल तर गाठी होतात, नाही तर रानातच गाडायचा. ज्यांना वैरण हवी त्यांनी तेवढ्या ओळी आधी हातानं काढून घ्याव्यात. बियाण्याचा मका तर हार्वेस्टरमध्ये घालूच नये, तो कणसातच वाळवून हळू सोलतात.

सकाळी नऊला बसवलेली सेटिंग दुपारी दोनला चालत नाही. ऊन चढलं की बुरकुंडं कोरडी होऊन तुटायला लागतात, दाणाही कडक होतो. तेव्हा ड्रम २०-३० फेऱ्यांनी कमी करा आणि जाळी एक घर सैल करा. संध्याकाळी दव पडायला लागलं की पुन्हा सकाळच्या आकड्यांवर या. हे आकडे टाकीच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवले तर रात्रीच्या पाळीच्या ऑपरेटरला शोधत बसावं लागत नाही.